आमचे फीडर किकवीला

शिवऱ्याला हायवेच्या कडेला आमची पत्र्याची शेड आहे. दूध गार ठेवणाऱ्या टाक्यांना जे सर्किट बोर्ड लागतात, ते आम्ही भरून देतो. मोहरीहून बारीक पार्ट उचलून बोर्डावर बसवणारं मशीन मी जुनंच घेतलं, नव्याची ऐपत कुठली! विकणारे दादा पुण्यातल्या कारखान्यांनी काढून टाकलेली मशीनं आणायचे, दुरुस्त करून विकायचे आणि पुढं सांभाळायचेही. "ताई, कंपनीनं हात वर केले तरी मी आहे," म्हणाले होते. त्या शब्दावरच मी मशीन घेतलं. माणूस गोड. मशीन अडलं की फटफटीवर हजर. भाऊबीजेला मी त्यांना ओवाळायला लागले.

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा करतो. पार्टांची रिळं ज्यात बसतात त्या लांबट डब्यांना फीडर म्हणतात. पासलीच्या एक मावशी आमच्याकडे कामाला आहेत, त्या एकेका फीडरला हळदीकुंकू लावायच्या. दादा करवादायचे, "मावशी, गिअरात कुंकू गेलं की अडकतंय हो!"

"आडकू द्या. देवाबिगर चालतंय व्हय मशीन?"

मग एकदा दादांनी निम्मे फीडर दुरुस्तीला म्हणून नेले. बऱ्याच दिवसांनी हात हलवत आले. "स्प्रिंगा गेल्यात ताई. असले सुटे भाग आता कुठंच मिळत नाहीत. ते फीडर भंगारात गेले असंच समजा." चेहरा असा पाडला होता की मीच त्यांची समजूत काढली. बावळट कुठली! तेव्हापासून रिळं बदलून प्रत्येक बोर्ड दोनदा मशीनखालून काढावा लागायचा, आणि बायकांना घरी जायला अंधार व्हायचा.

पुढं किकवीला भोरच्या एका तरुण जोडप्यानं असंच काम सुरू केलं. उद्‌घाटनाचं बोलावणं आलं म्हणून मी आणि मावशी पेढे घेऊन गेलो. बघतो तर अगदी आमच्यासारखंच मशीन. मावशी वाकल्या आणि माझा हात घट्ट धरला. "आवं ताई, ह्ये आपलं हायती."

फीडरच्या मुठीच्या खाचेत वाळलेलं कुंकू होतं. मी अंगठा फिरवला, तर लाल झाला. ती नवी मालकीण कौतुकानं सांगत होती, "सगळं दादांनीच बसवून दिलं. अगदी घरचा माणूस."

घरचा माणूस कोपऱ्यात पेढा खात होता. मी बाजूला बोलावलं, विचारलं. डोळेसुद्धा खाली गेले नाहीत हो त्याचे! "ताई, तुमचं मशीन आता किती दिवस चालणार? यांचं नवं काम आहे." केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. फीडर गेले याचं दुःख होतंच, पण ज्याला भाऊ म्हणून ओवाळलं त्यानं मला असं मोडीत काढावं, याचं जास्त झालं.

फीडर ओढून आणता आले असते. पण त्या पोरीचा काय दोष? शुभकार्याच्या दिवशी तिचं मशीन कसं बंद पाडू? मी दादांना एवढंच म्हणाले, "आमच्या शेडची पायरी चढायची नाही परत."

दिवाळीनंतर आमचं मशीन अडकलं. पार्ट उचलणारा हात मध्येच थांबायचा. मी पुण्यात सापडेल त्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. "इतकं जुनं? त्याला आम्ही हात लावत नाही." मावशी आणि बाकीच्या बायका चिमट्यानं एकेक पार्ट बसवायला लागल्या. मावशींच्या डोळ्यांतून पाणी गळायचं, तरी मान वर नाही. गिऱ्हाईक म्हणालं, सोमवारी माल द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. दुसरीकडे म्हणजे किकवीला. ते काम गेलं असतं तर शेडला कुलूप, आणि या बायका घरी.

सगळीकडून हात टेकले, तेव्हा दादांना फोन लावला.

आले. बूट दाराशी काढून, नेहमीसारखे. मागचं झाकण उघडलं, काहीतरी पुसलं, कुठलासा पट्टा घट्ट केला, आणि मशीन टकाटका पार्ट बसवायला लागलं. बायका चिमटे ठेवून बघत उभ्या राहिल्या. मावशींनी तोंड फिरवलं.

हात पुसत ते माझ्याकडे वळले. "ताई, राग गेला ना?"

मी चिमटे ठेवून उभ्या असलेल्या बायकांकडे बघितलं.

"छे हो दादा," मी हसून म्हणाले, "राग कसला?"