उमरेडच्या आत्यानं मला वेणी घालायला शिकवली

हे आत्ताच्या आत्ता सांगून टाकते, नाहीतर माझं डोकं फुटेल. सुट्टीला घरी आलेय, तर सकाळी शेजारच्या वहिनी आल्या आणि म्हणाल्या, तू म्हणे लहानपणापासून सगळं आपलं आपण करायचीस, आमच्या बंड्यासाठी एखादी युक्ती सांग ना. मला ढीगभर युक्त्या येतात, पण एकही सांगितली नाही. दूध उतू जातंय म्हणून सरळ आत पळाले. का, ते ऐका.

आमची आत्या मदत मागितली की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहायची. मी फ्रॉकमध्ये अडकून रडत असले तरी तिचे हात मागेच. "हात तुहे, काम तुहं, मी फक्त पाह्यणारी," असं म्हणायची आणि खरंच नुसती पाहत राहायची, पण तिथून हलायची मात्र नाही.

आई शहराच्या सदर भागात ऑफिसला जायची, म्हणून मी तीन वर्षांची असताना आत्या उमरेडहून आमच्या नंदनवनच्या घरी राहायला आली. लग्न तिनं केलं नव्हतं. तिनं पाण्याचा माठ खाली पाटावर आणला आणि दांडीच्या ओगराळ्यानं अर्धाच पेला भरायची सवय लावली. अर्धा सांडला तर फडकं कमी भिजतं, हा तिचा हिशोब. चपलांच्या आत शाईनं अर्धा-अर्धा मासा काढला. दोन्ही चपला शेजारी ठेवून मासा पूर्ण झाला, तर पाय बरोबर. गुंड्या खालून वर लावायच्या, कारण घर कोणी छपरापासून बांधत नाही. बाबा म्हणायचे, ही पोरीला पलटणीत भरती करणार आहे. आत्या म्हणायची, "मंग तुमी बी या, तुमाले सोताचा टावेल सापडत नाही."

वेणीचं मात्र जमेना. शाळेत दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबिनी लागायच्या. आत्या विणकराच्या घरातली, तिनं मागावरच्या उरलेल्या सुताच्या तीन लडी खिडकीच्या गजाला बांधल्या. लाल, पिवळी, हिरवी. रोज दुपारी मी त्यांची वेणी घालायची आणि उसवायची. कंटाळले की ती म्हणायची, "ज्या दिवशी दोन्ही वेण्या सोता घालशील, त्या दिवशी तुले उमरेडले नेतो. एसटीत खिडकीपाशी बसवतो."

बस! मी पेटलेच. जेवताना वेणी, झोपताना वेणी. दिवाळीनंतर उमरेडची मोठी आई, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, वारली तेव्हा घरात रडारड झाली, मोठे बाबा दोनदा येऊन गेले, तरी माझं आपलं सूत चालूच. आणि एका रविवारी जमलं! भांग वाकडा, एक वेणी कानाजवळ, पण दोन्ही माझ्या. मी नाचत सगळ्यांना दाखवत सुटले. आई माझ्याकडे न बघता आत्याकडे बघत होती.

बुधवारी शाळेतून आले तर आत्याची पेटी नव्हती.

आईनं मग सांगितलं. मोठे बाबा आत्याला न्यायलाच येत होते. त्यांच्या सुमीला आणि तान्ह्या बाळाला बघायला कोणी नव्हतं. आत्यानं त्यांना थांबवलं होतं, पोरीच्या वेण्या होऊ द्या, मग येतो म्हणून. हे आईला माहीत, बाबांना माहीत, शेजारच्या काकूंनाही माहीत! माहीत नव्हतं ते एकट्या मला. म्हणजे बघा, मी जितकी घाई केली तितकी ती लवकर गेली.

उन्हाळ्यात आम्ही उमरेडला गेलो. ओसरीवर आत्या बसलेली, पुढ्यात सुमी. माझ्याच वयाची, सात वर्षांची घोडी! आत्या तिला वरणभात भरवत होती आणि मधेच तिच्या बटा मागे सारत होती. सुमीच्या वेण्या तर इतक्या सरळ, की कोणी घातल्या ते विचारायलाच नको.

मी म्हटलं, "हिले काहून नाही शिकवत?"

आत्यानं घास सुमीच्या तोंडात दिला, मग माझ्याकडे पाहिलं. "तुले शिकवलं, कारण मले एक ना एक दिवस जायचंच होतं वं. तुही माय संध्याकाळी घरी येते. हिले सोडून मी आता कुठी जाऊन नाही राहिली."

खोटं तरी बोलायचं! संध्याकाळी तिनं फणी घेतली, मला जवळ बोलावलं, ये, आज मी घालून देतो म्हणाली. मी म्हटलं, "मला येते." तिनं फणी खाली ठेवली. त्यानंतर आजपर्यंत मी तिला माझ्या केसांना हात लावू दिलेला नाही.

आता मी हॉस्टेलात एकटी राहते, कपडे, जेवण, सगळं माझं मी करते. लोक कौतुक करतात आणि दरवेळी मला तिचाच राग येतो. तिचं बरोबर होतं हे कळतं हो. कळून राग जातो का पण?

तुम्हाला असं कोणी शिकवलंय का, तुम्हाला सोडून जाता यावं म्हणून? आणि मग तुम्ही त्यांना कधी माफ केलंत का? खरं सांगा.