वळणावरचा हॉर्न

त्या माणसाचा मला राग आला नाही, हे आधीच सांगते. त्याची गाडी पुढे होती, माझी मागे, आणि तीन वळणांवर मी सहा वेळा हॉर्न दिला होता. त्याला वाटलं, मी त्याला बाजूला हो म्हणून हाकलतेय. त्याच्या देशात हॉर्न वाजवणं म्हणजे तोंडावर शिवी देणं, असं मला नंतर सूनबाईने सांगितलं. तेव्हा त्याचं चिडणं रास्तच होतं. राग आला तो माझ्या पोटच्या मुलाचा, आणि वर्ष होत आलं तरी तो उतरलेला नाही.

मुलगा ऑस्ट्रेलियात नोकरी करतो. मागच्या वर्षी त्याने आम्हा दोघांना बोलावलं. ह्यांनी सरळ नकार दिला. झेंडू तोडणीला आला होता, शिवाय विमानात बसायची ह्यांना भीती. मीही गेले नसते. पण मुलगा फोनवर म्हणाला, "आई, आपण गाडी घेऊन पाच दिवस समुद्राच्या कडेकडेने फिरू. तू पण चालव." त्या शेवटच्या तीन शब्दांसाठी मी गेले. नाशिकच्या आरटीओत जाऊन परदेशात गाडी चालवायचा परवाना काढला. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "मावशी, परवाना कुणाच्या नावाने?" माझ्याच नावाने म्हटल्यावर त्याने चष्मा वर करून माझ्याकडे दोनदा पाहिलं.

त्याला काय माहीत. बावीस वर्षं मी आमची पिकअप चालवतेय. ह्यांना घाटात चक्कर येते. एका दसऱ्याच्या तोंडावर आमचा ड्रायव्हर काम सोडून गेला आणि शेतात फुलं तोडून ढीग लागलेले. तेव्हा मी शिकले, आणि पुढे आमची फुलं पेठच्या रस्त्याने सुरतेला मीच न्यायला लागले. गावातल्यांनी बोलायचं ते बोलून घेतलं, मग त्यांचाही माल माझ्याच गाडीत यायला लागला. मुलगा सुट्टी असली की शेजारच्या सीटवर बसून यायचा. घाट सुरू झाला की झोपायचा.

त्या घाटाचा एक रिवाज आहे. पुढचं दिसत नाही अशा वळणाआधी दोन छोटे हॉर्न द्यायचे. समोरून कुणी येत असेल तर तोही देतो. मग चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मला शिकवणारे एक म्हातारे ट्रकवाले होते. ते म्हणायचे, "पोरी, वळण म्हंजी दुसऱ्याचं घर हे. कडी वाजवल्याबिगर आत जायचं नाय." बावीस वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा नाही, तो ह्या कडी वाजवण्यामुळे.

तर आम्ही निघालो. भाड्याच्या गाडीच्या कागदांवर मुलाने माझंही नाव घातलं होतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण पहिले दोन दिवस मी मागच्या सीटवर, मांडीवर थालीपिठांचा डबा. पुढे मोबाइलवर सगळं ठरलेलं. इथे वीस मिनिटं थांबायचं, इथे फोटो, इथे कॉफी. समुद्र असा की बघत राहावं, कडे तुटून पाण्यात उभे राहिलेले, आणि मी "आणखी जरा थांब" म्हटलं की हा म्हणणार, "आई, पुढचा पॉइंट ह्याहून भारी आहे." बघायला आलो होतो की हजेरी लावायला, कोण जाणे. चालवायचं विचारलं की म्हणायचा, रस्ता जरा सरळ लागू दे.

तिसऱ्या दिवशी सूनबाईच म्हणाली, "आईंना द्या की आता. त्या परवाना काढून आल्यात." तेव्हा कुठे चावी हातात आली.

गाडीला क्लच नव्हता. डावा पाय उगाच क्लच शोधायचा. पण दहा मिनिटांत हात बसला. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे समुद्र डाव्या अंगाला, उजवीकडे डोंगर. वारा यायला हवा म्हणून मी काच खाली केली. मी इतकी खूश होते की मुलगा शेजारी बसून "हळू, आता ब्रेक, आता थोडं डावीकडे" असं उंटावरून शेळ्या हाकत होता, तेही मी चालवून घेतलं.

मग डोंगराला वळसा घालणारं वळण आलं. पुढचं काही दिसत नव्हतं. माझ्या हाताने मला न विचारता दोन हॉर्न दिले.

"आई, हॉर्न नको."

"अरे, पुढचं दिसत नाय."

"इथे कुणी वाजवत नाही. आपापल्या लेनमध्ये राहायचं, बस."

तोपर्यंत दुसरं वळण आलं, आणि तिसरं. बावीस वर्षांची सवय एका वळणात जाते का? पुढे एक पांढरी गाडी होती. ती समुद्र बघायला केलेल्या थांब्यावर वळली आणि तिच्यातून हात बाहेर आला, थांबा म्हणून. मीही थांबवली. गाडीतून साठीचा एक गृहस्थ उतरला, लालबुंद झालेला. माझ्या खिडकीशी येऊन भराभरा बोलला. सगळं कळलं नाही, पण घाई, हॉर्न आणि वेडेपणा एवढं कळलं.

मी माफी मागणारच होते. तेवढं इंग्रजी मला येतं. आमच्याकडे घाटात असं करतात, हेही सांगितलं असतं. पण मुलगा दार उघडून धावत माझ्या बाजूला आला. हसत, हात जोडल्यासारखे करत त्या माणसाला म्हणाला, "सॉरी, सॉरी. माय मदर इज नॉट अ ड्रायव्हर."

तो माणूस लगेच निवळला. माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून मान हलवली आणि निघून गेला. मुलाने हात पुढे केला, चावीसाठी. मी चावी दिली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

आता मला कुणी सांगेल का, ह्याची काय गरज होती? म्हण की तिला इथले नियम माहीत नाहीत. म्हण की आमच्याकडे रीत वेगळी आहे. खरं तेच सांगून भागलं असतं, दोन वाक्यं जास्त लागली असती इतकंच. पण अनोळखी माणसापुढे दोन मिनिटं आपली मान खाली जाऊ नये म्हणून ह्याने माझी बावीस वर्षं पुसून टाकली. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलायचं कुणाला?

पुढे माझं बोलणं कामापुरतं. थालीपीठ हवं का, पाणी दे, एवढंच. मुलाला कळत होतं. चौथ्या दिवशी त्याने एका ठिकाणी ठरल्यापेक्षा अर्धा तास जास्त थांबू दिलं. रात्री म्हणाला, "आई, सॉरी." त्या परक्याला सॉरी म्हणायला त्याला एक सेकंद लागला होता आणि मला म्हणायला दीड दिवस. मी म्हटलं, "झोप आता."

पाचव्या दिवशी सकाळी सामान गाडीत टाकून झालं. शेवटचा टप्पा राहिला होता, सगळा समुद्राच्या काठाने. सूनबाई मुद्दाम आधीच मागे जाऊन बसली. मुलाने चावी माझ्यापुढे धरली.

"चालव, आई. हॉर्न वाजवायचा तर वाजव."

मी चावी घेतली नाही. मला हॉर्नची परवानगी नको होती.

"पयलं मला येक सांग," मी म्हटलं. "त्या मानसाला तू काय म्हनला?"

"जाऊ दे ना. ते आपलं असंच..."

"मला मराठीत सांग. जसं म्हनला तसं."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मी तिथेच उभी होते.

"माझ्या आईला..." तो म्हणाला, आणि थांबला. पुन्हा सुरुवात केली. "माझ्या आईला गाडी..."

पुढचे शब्द त्याच्या तोंडून निघेनात. चावी धरलेला हात तसाच पुढे राहिला, आणि तो खाली बघायला लागला. अख्खा दिवस जरी लागला असता तरी मी तिथून हलणार नव्हते.