वर्लिनचा न कापलेला शर्ट

हरीण हातचं निसटलं तर तुम्ही दोष कुणाला देता? वाऱ्याला, दुर्बिणीला, की नेमक्या वेळी खोकणाऱ्या मेव्हण्याला? खरं बोला! वर्लिन कूल आजवर तिघांनाही देत आलाय. स्वतःच्या गोळीला मात्र त्याने कधी बोल लागू दिला नाही.

उत्तर विस्कॉन्सिनच्या रानातल्या त्यांच्या शिकारीच्या खोपटात कायदा एकच: नेम चुकला की शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीवर ठोकायचं. भिंतीवर अख्ख्या खानदानाच्या चिंध्या होत्या, फक्त वर्लिनची नव्हती. गडी जेवायलासुद्धा भिंतीकडे तोंड करून बसायचा.

यंदा त्याने कोल्ह्यांवर झाडायच्या हलक्या, सुसाट गोळ्या आणल्या.

“अरे, हरणाला जड गोळी लागते,” थोरली बहीण आर्डिस म्हणाली. “आरपार गेली पाहिजे. दोन भोकं पडली की रक्त सांडतं, माग सापडतो. ही तुझी फुसकी आतच फुटेल.”

“वेग बघ गं, वेग!”

“वेग तुझ्या जिभेला आहे.”

सकाळी बार झाला. हरीण उसळलं आणि झुडपांत घुसलं. माग दाखवायला जमिनीवर बर्फ नाही, रक्ताचा थेंब नाही.

“चुकला!” आर्डिसने कात्री वाजवली. “हो पाठमोरा.”

“लागली! खांद्यामागेच लागली!”

“मग हरीण कुठंय, राजे?”

वर्लिन झुडपांत शिरला. चुकला म्हणावं तर शर्ट जातो. लागली म्हणावं तर रानात कुठेतरी जखमी जीव तडफडतोय. शर्ट वाचवायला निघालेला हा बहाद्दर दलदलीत गुडघ्यांवर रांगता रांगता शर्ट विसरला. उलटलेलं पान, मोडलेली काडी, खुराचा ठसा, मिळेल ते धरून पुढे. मागून आर्डिसही रांगत होती, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. त्या पिढ्या तिच्याही होत्या, पण रागात कोण बघतो!

दुपार कलली तेव्हा देवदाराखाली शिंगाळा नर सापडला. मेलेला. गोळी शिरल्याचं भोक एवढंसं, बाहेर पडल्याचं नाहीच. भोवतीचा चिखल पाय झाडून झाडून उकरलेला.

“लागली होती,” आर्डिस कात्री खिशात टाकत म्हणाली. “वाचला तुझा शर्ट.”

“आण ती कात्री. नेम नाही, गोळी निवडायला चुकलो.”

त्याने स्वतःच टोक कापलं. तेही वाकडंतिकडं.

“शहाण्या, तेवढं तरी नीट काप की!”

तर बाबांनो, नेमाच्या बढाया नंतर मारा. या हंगामात हरणावर जाताना जड, आरपार जाणारी गोळी घ्या. आणि बार करून हरीण पडलं नाही, तर “चुकला” म्हणण्याआधी एवढं रान शोधून या.