मामांच्या पाठीमागच्या चार दोऱ्या

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, तरी सासऱ्यांशी, आमच्या मामांशी, मी समोरासमोर एक वाक्य बोलले नव्हते. मामांना काही सांगायचं असलं की ते माझ्या मुलीला सांगत, "तुझ्या आईला म्हणावं, पाणी तापव." मी तिथंच चुलीपाशी असे. मीही मुलीलाच म्हणे, "आजोबांना म्हणावं, तापलंय." कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मला तर बरंच वाटे. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, तो आजही फुटत नाही.

त्या साली दिवाळीच्या तोंडावर मालकांचा, माझ्या नवऱ्याचा, हात मोडला. माकणीच्या धरणावर हे बापलेक पत्र्याची होडी चालवायचे. मामा पुढं बसून वल्हं मारायचे, मालक मागं बसून दोऱ्या सांभाळायचे. आमची मासेमारी ओढत्या गळाची. होडी संथ चालत राहते आणि मागं तंगुसाच्या, म्हणजे बारीक नायलॉनच्या, चार दोऱ्या पाण्यातून ओढल्या जातात. टोकाला गळ, गळाला बारकी मासळी.

हात प्लास्टरमध्ये गेला आणि सासूबाईंनी ठरवून टाकलं. "होडी ठिवा उपडी. ही जाईल टोळीसंगं ऊस तोडायला. पोरगी ऱ्हाईल माझ्यापशी."

टोळी कर्नाटकात जाणार होती, ती उन्हाळ्यातच परतणार. मुलगी दुसरीत होती. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी मी कुठं आहे ते बघायची.

मी मालकांना म्हटलं, "दोऱ्या मी धरते."

ते हसले. माझ्याकडं बघून हसायचे थांबले. मग त्यांनी अंगणात बाज टाकून तिला चार दोऱ्या बांधल्या आणि एका हातानं मला शिकवलं. बाहेरच्या दोन दोऱ्या आडव्या बांबूंवरून जातात. त्या लांब आणि हलक्या. आतल्या दोन आखूड, त्यांना शिसं, म्हणून खोल. सरळ जाताना त्या एकमेकींच्या वाटेला जात नाहीत.

"वळताना गोंधळ व्हतोय," मालक म्हणाले. "ज्या अंगाला होडी वळती, त्या अंगाच्या दोऱ्या ढिल्या पडत्यात आन् दुसरीखाली शिरत्यात. वळायच्या आधी त्या वडून घ्यायच्या."

"पण मामा वळणार हे मला कसं कळायचं?"

"इचारायचं."

मी बाजेच्या दोऱ्या पुन्हा ओढायला घेतल्या.

मामांचा होकार मुलीकडूनच आला. "तुझ्या आईला म्हणावं, दोन दिस बघू. दुसऱ्या दिशी दोऱ्या गुतल्या तर होडी उपडी."

पहिल्या दिवशीच घात झाला. पाणी उतरलं होतं, बुडालेल्या बाभळींची खोडं वर आली होती. मामांना एक खोड दिसलं आणि त्यांनी होडी झटक्यात वळवली. मी "अहो" म्हणेपर्यंत, तेही मनात, चारी दोऱ्यांचा गुंता झाला. दुपारपर्यंत मी काठावर बसून तो सोडवत होते. एक दोरी कापावीच लागली. घरी सासूबाई म्हणाल्या, "धरणात येणी घालाया गेल्तीस का गं?" मालकांनी कापलेली दोरी दातात धरून जोडली.

दुसऱ्या दिवशी मी एक युक्ती काढली. मामांची पाठच तेवढी मला दिसायची, म्हणून मी त्यांच्या खांद्यावर नजर ठेवली. उजवा खांदा खाली गेला की होडी डावीकडं वळते. दोनदा ते जमलं. मग वारा सुटला. लाटांनी खांदा सारखाच वरखाली व्हायला लागला, आणि त्यावरून काही कळेना. उजव्या अंगाला पुन्हा ती खोडं आली.

तेवढ्यात उजवा बांबू करकरला आणि वाकला. बाहेरच्या दोरीला मासा लागला होता.

मामांनी सवयीनं वल्हं थांबवलं. असं झालं की मालक मागून ओरडायचे, "चला, चला!" आज मागून कुणी ओरडलं नाही. होडी मंदावली. बाकीच्या तिन्ही दोऱ्या बुडायला लागल्या, आतल्या दोन्हींना शिसं खाली खेचू लागलं, आणि मासा त्यांच्याकडंच सरकत होता. मी मामांच्या पाठीकडं बघितलं, दोऱ्यांकडं बघितलं. आतली उजवी दोरी बाहेरचीला चिकटायला वीतभर उरली होती.

"मामा, थांबू नका!"

ते दचकले. मागं न बघता त्यांनी वल्हं मारलं. दोऱ्या पुन्हा ताणल्या.

"उजवीकडं खोडं हायत," ते म्हणाले. पाण्याला सांगावं तसं. "डावीकडं घिऊ का?"

"थांबा. डाव्या दोन वडते." दोरी बोटांत रुतत होती. एक आली. दुसरी आली. "आता घ्या. लांबून घ्या, मामा, एकदम नको."

होडी मोठा वळसा घेत फिरली. उजव्या दोऱ्या ताठ राहिल्या. मी आतली ओढून घेतली, मग माशाच्या दोरीला हात घातला. मरळ होती, कोपरापर्यंतच्या हाताएवढी. होडीच्या काठाशी आणली, तिनं एक गिरकी मारली आणि गळ सोडून गेली.

मी रिकामा गळ आत घेतला.

"मासा गेला, मामा."

"जाऊंदे. दोऱ्या?"

मी पायाशी बघितलं. चार वेटोळी, प्रत्येक वेगळं.

"सुट्या हायत."

"मग सोड परत."

त्या दिवशी चार मासे आले. होडी काठाला लागली तेव्हा मुलगी शाळेतून येऊन उभी होती. मी डोक्यावर पदर घेतला. मामा खाली उतरले आणि तिला म्हणाले, "तुझ्या आईला म्हणावं, उद्या फटफटायला निघायचं. टोळीवाल्याला म्या न्हाय म्हनून सांगतो."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

"आजोबांना म्हणावं, बरं," मी म्हटलं.

मुलीनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "ऐकलंय की तुमी दोघांनीबी," ती म्हणाली, आणि ओल्या दोऱ्यांचं एक वेटोळं उचलून पुढं चालायला लागली.