काळीत बांधलेलं चर्च

परवा घरासमोर गटारीसाठी रस्ता खोदला आणि खालची ओली काळी माती वर आली. तिचा तो गार, आंबूस वास नाकात शिरला, अन् मन शहर सोडून थेट बिडकीनकडच्या आमच्या रानात जाऊन बसलं. मातीच्या वासानं माणसं हळवी होतात म्हणे. मला मात्र त्या वासाबरोबर गावाच्या डोळ्यांतला संशय आठवतो.

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस अ‍ॅक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. परक्या माणसाकडं गाव अजून दाराच्या फटीतूनच बघायचं. आमच्या शेजारच्या रानाचा मालक हैदराबादेला निघून गेला होता आणि ते रान घेऊन नगरकडचं एक ख्रिस्ती कुटुंब राहायला आलं. माणसं मरमर राबायची. पण पुढच्या वर्षी त्यांनी भर काळीत, ज्वारी पुरुषभर वाढायची त्या तुकड्यात, चर्चचा पाया खणायला घेतला. काळी भेगाळते, भिंत धरत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक! रस्त्याकडंचा चांगला मुरूम सोडून इथं कशाला? झालं! जुन्या मालकानं पळताना हंडा पुरला असणार आणि चर्चच्या नावाखाली हे लोक तो उकरताहेत, असं गावानं ठरवूनच टाकलं. त्यांना हाकलून लावायच्या गोष्टी चावडीवर सुरू झाल्या.

वडील बैल शोधायचं निमित्त करून तिथं गेले. त्या घरची सून माती उपसत होती. "इथंच का खणताय?" वडिलांनी विचारलं.

"आमची सासू हाय इथं, दादा. गेल्या पावसाळ्यात गेली, तवा तुमच्या गावानं पुरायला जागा दिली नाय. मुरूम फुटंना, हितली माती मऊ व्हती. आता तिच्या उशाशीच बांधतोय."

म्हातारी गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. तिला कुठं नेलं, हे कुणी विचारलंच नव्हतं, अगदी आम्ही शेजाऱ्यांनीही. घरी येताच आईनं विचारलं, "घावलं का काही?" "व्हय, म्हातारी घावली," एवढंच बोलून वडील न जेवता उठले.

सकाळी त्यांनी चावडीवर सगळं सांगितलं आणि बैलगाडी जुंपून त्या लोकांचे दगड वाहायला गेले. वडिलांना तिथं बघून त्या कुटुंबाला हाकलायला कुणी पुढं झालं नाही. पण "ह्यालाबी वाटा मिळाला जणू," ही कुजबुज मात्र लगेच सुरू झाली.

चर्च उभं राहिलं. भिंती तडकल्या, त्या माणसांनी त्या दरसाल लिंपल्या. वडील गेले, चावडीवरचे गेले. काळ सगळं बुजवतो, असं मलाही वाटायचं. मागं एका लग्नात गावाकडचा एक शिकलासवरला पाहुणा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आता तरी खरं सांगा, हंड्यात होतं काय?" त्या म्हातारीचं नाव काय होतं, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला ते ठाऊक नाही.