शेजारणीच्या भिंतीतून

मी डॉक्टरकी शिकायला युक्रेनला निघाले तेव्हा मंचरच्या स्टँडवर आमचं निम्मं कळंब गाव आलं होतं. बॅगेत बाजरीचं पीठ आणि मासवडीचा मसाला. आईनं रडतारडता एकच बजावलं, "कुणाच्याबी घरात पायताण घालून शिरू नको. लोकं आईबापाला नावं ठेवत्यात." साता समुद्रापार निघालेल्या लेकीला एवढंच? मला हसूच आलं.

तिकडं मी हान्नाबाईंकडे भाड्यानं राहायचे. सत्तरीच्या, एकट्या, तोंडानं फटकळ. नावापुढचं 'बाई' मी जोडलेलं. मला बटाटे सोलता येत नाहीत म्हणून त्या घालूनपाडून बोलायच्या. जिथं शेतोशेती बटाटाच पिकतो त्या आंबेगाव तालुक्यातल्या पोरीला, बटाट्यावरून! आमचं लगेच जमलं.

मग युद्ध आमच्या गल्लीत शिरलं. गावाकडच्यांनो, तुम्ही टीव्हीवर रणगाडे पाहिलेत. आमच्याकडे लढाई घराघरांत चालली होती. रस्त्यावर पाऊल टाकलं की गोळी. म्हणून सैनिक भिंती फोडून या घरातून त्या घरात जात. एका सकाळी आमचीही भिंत फुटली आणि धुळीनं पांढराफटक झालेला सैनिक आत आला. म्हणाला, या भगदाडांमधूनच गल्लीच्या टोकाला चला, हे घर आता राहत नाही.

हान्नाबाई हलेनात. घर सोडायचं नाही, आणि शेजारणीकडे चोरासारखं भिंतीतून तर मुळीच जायचं नाही. त्यांना तिथं टाकून जाणं मला जमणार नव्हतं. हात ओढून थकले, रडू फुटलं. पुढचा रस्ता कसा आहे ते तरी बघावं म्हणून भगदाडापाशी वाकले, तर पलीकडे शेजारणीचा गालिचा. लढाई सुरू झाल्यापासून आम्ही घरातही बूट घालूनच असायचो, तरी सवयीनं मी ते काढायला लागले.

त्यांच्याकडेही हीच रीत. हान्नाबाई आधी बघतच राहिल्या, मग खो खो हसल्या, आणि "आता कसं माणसांसारखं" म्हणत खाली बसून स्वतःचे बूट सोडू लागल्या. सैनिकानं कपाळावर हात मारला. गालिच्यावर काचांचा खच होता. त्यानं दटावून आम्हाला बूट परत चढवायला लावले, आणि रिकाम्या घरांची माफी मागत आम्ही लोकांच्या बैठकीतून, न्हाणीतून बाहेर पडलो.

आता पोलंडमध्ये दोन खोल्यांत आमची भांडणं सुखात चालू आहेत. परदेशी गेलेल्यांना सांगते, हक्कानं भांडणारं कुणी मिळालं की माणूस रुजतं.

परवा सुट्टीत कळंबला होते तेव्हा हान्नाबाईंचा फोन आला, घरी कधी येतेस? त्यांचं घर तर आम्ही बाहेर पडलो त्याच दिवशी पडलं होतं. घर म्हणजे त्या आमच्या दोन खोल्यांना म्हणत होत्या. आई शेजारीच लसूण सोलत होती. तिला सांगितलं आणि वाटलं, आता ही रडणार.

"म्हातारी एकटी हाय," आई म्हणाली. "परतीचं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ."