टक्कल पडलेला सिंह

चाळीतल्या शेजारच्या काकांच्या नखांवरून आम्हाला कळायचं, सध्या कुठला प्राणी शिजतोय. काळी नखं म्हणजे अस्वल, पिवळी म्हणजे वाघ. गिरणीच्या रंगखात्यातून घरी आले, की ते आमच्या बाहुल्यांच्या खेळातल्या प्राण्यांसाठी नायलॉनची खोटी लव रंगवायला बसत. चोरबाजारातला विलायती कोट उसवायचा, व्हिनेगर घातलेल्या रंगात तुकडे उकळायचे आणि ओले असतानाच दातांच्या ब्रशने उलटे विंचरायचे. शेवटी डोळे मिटून गालावर फिरवून बघायचे.

"माझ्या केसांवरून कधी असो हात फिरवलो नाय!" काकू म्हणायच्या.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभेआधीच्या खेळासाठी मी सिंह सांगितला. काका दोन रविवार राणीच्या बागेत पिंजऱ्यासमोर बसून आले आणि त्यांनी आयाळीत मधोमध टक्कल असलेला सिंह माझ्या हातात दिला.

"काका, महाराष्ट्राचा सिंह असा?" मी ओरडलोच.

"तसोच आसा तो. मी बघून इलंय. गजांर टाळू घासून घासून केस गेले, पण डरकाळी थांबूक नाय."

दुसरा करायला वेळ नव्हता, म्हणून तोच नाचवला. पडद्यामागे मला नुसता हशा ऐकू आला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंधरा दिवसांनी चाळीने पुन्हा खेळ मागितला. मी गुपचूप अस्वलाच्या पाठीचा तुकडा कापून टकलावर शिवला. सिंह वर येताच पटांगणातून आरडाओरडा झाला, "ह्यो आमचो न्हय! आमचो टकल्या खंय?"

पहिल्या रांगेतले काका शांतपणे उठले, पडद्यामागे आले आणि खिशातून कात्री काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.